‘त्रिंकोमाली’ : मुंबईच्या सागवानी जहाजाची लाकडी प्रतिकृती

कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी माप घ्यावे, हा सुताराचा पहिला धडा. गजपट्टी आधी, करवत मागाहून. देऊळ असो, राहते घर असो, बैलगाडीचे चाक असो अथवा समुद्रावर जाणारे गलबत असो. माप चुकले तर लाकूड वाया जाते आणि माप हरवले तर वस्तूच हरवते.

मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत एका जहाजाची हकीकत वाचून कोणास नवल वाटेल. परंतु सदर जहाज मुंबईत, एतद्देशीय कारागिरांच्या हातून, सागवानात तयार झाले. त्यास दोनशेहून अधिक वर्षे लोटली तरी ते आजही पाण्यावर तरंगत आहे. त्याचाही जीर्णोद्धार झाला. आणि त्याची मापे शिल्लक राहिल्यामुळे एखाद्या चिकाटीच्या माणसास त्याची लाकडी प्रतिकृती घरच्या पडवीत बसून करता येते. या सर्व गोष्टी जीर्णोद्धाराच्या कार्यास जवळच्या आहेत, हे पुढील मजकुरावरून वाचकांच्या लक्षात येईल.

सुरतेहून आलेले सुतार

इसवी सन १७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी गृहस्थ काही सुतार बरोबर घेऊन सुरतेहून मुंबईस आले. सुरत हे त्या काळी जहाजबांधणीचे नामांकित ठिकाण होते, तर मुंबईचे बंदर अद्याप बाल्यावस्थेत होते. ईस्ट इंडिया कंपनीने लवजींच्या हाती मुंबईची गोदी सोपविली. पुढे १७५० च्या सुमारास तेथे सुकी गोदी बांधण्यात आली. सुकी गोदी म्हणजे भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावयाचे, दार बंद करून पाणी काढून टाकावयाचे आणि जहाजाचा तळ उघडा पाडून काम करावयाचे, अशी सोय. वाडिया घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या, सुमारे दीडशे वर्षे, मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली.

या घराण्यातील जमशेटजी बोमनजी वाडिया हे १७९२ पासून १८२१ मध्ये निधन होईपर्यंत गोदीचे मुख्य बांधणीकार होते. इंग्लंड व फ्रान्स यांच्या दीर्घ लढायांमुळे इंग्लंडातील गोद्यांस उसंत नव्हती आणि जहाजास लागणारे ओक वृक्षाचे लाकूडही दुर्मिळ होत चालले होते. तेव्हा इंग्रजांच्या आरमार खात्याने मुंबईकडे नजर वळविली. १८१० साली ७४ तोफांचे ‘मिंडेन’ आणि १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’ ही मोठी लढाऊ जहाजे जमशेटजींनी पाण्यात सोडली. पैकी ‘कॉर्नवॉलिस’वरच १८४२ मध्ये इंग्रज व चीन यांच्यात नानकिंगचा तह झाला. दूर चीनमध्ये ज्या फळ्यांवर उभे राहून तह झाला त्या फळ्या मुंबईस रंधल्या होत्या, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक आहे.

सागवानाचा मोठा गुण असा की, त्यात अंगचेच तेल असते. पाणी व कीड त्यास लवकर बाधत नाही. ओकच्या लाकडातील आंबट रसाने लोखंडी खिळे गंजतात, सागवानात ते पुष्कळ टिकतात. मलबारच्या जंगलातील सागवान मुंबईच्या गोदीत येई आणि त्यातून पन्नास-पन्नास वर्षे चाकरी करणारी जहाजे निघत.

नकाशाचा प्रवास

आता ज्या जहाजाची हकीकत सांगावयाची त्याचे नाव ‘त्रिंकोमाली’. श्रीलंकेतील प्रसिद्ध बंदरावरून हे नाव ठेवण्यात आले. हे ‘फ्रिगेट’ जातीचे, म्हणजे मध्यम आकाराचे व वेगवान असे तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज होय.

त्याच्या आकाराची गोष्ट मनोरंजक आहे. १७८२ साली इंग्रजांनी फ्रेंचांचे ‘हेबे’ नावाचे जहाज पकडले. जहाज फार सुरेख चालते असे पाहून इंग्रजांनी त्याच्या अंगाची मापे घेतली, कागदावर उतरविली आणि त्या नमुन्यावरून आपली जहाजे बांधावयास सुरुवात केली. त्या मालिकेतीलच ‘त्रिंकोमाली’ होय. म्हणजे जहाज फ्रेंचांचे, माप इंग्रजांनी घेतलेले, लाकूड मलबारचे आणि हात मुंबईच्या कारागिरांचे! बुद्धी कोणाची, मेहनत कोणाची याचा हिशेब येथे सरळ मांडता येत नाही. पण या चौघांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे मापाचा कागद.

हा कागदही सुखासुखी मुंबईस पोहोचला नाही. जहाजाचे नकाशे ‘जावा’ नावाच्या इंग्रजी जहाजातून पाठविण्यात आले होते. त्या सुमारास इंग्लंड व अमेरिका यांचे युद्ध जुंपले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाने ‘जावा’ला गाठले. तुंबळ लढाई होऊन ‘जावा’ शरण आले आणि ते इतके मोडले होते की, अमेरिकनांनी त्यास पेटवून दिले. मुंबईचे नकाशे गेले. परंतु मूळ नोंद इंग्लंडात होती. तिची दुसरी नक्कल काढून मुंबईस पाठविण्यात आली व काम मार्गी लागले. ज्याच्या दप्तरी मूळ प्रत सुरक्षित असते त्याची एक नक्कल बुडाली तरी काम बुडत नाही, हा धडा कचेरीत काम करणारांस सांगावयास नको.

१८१६ साली ‘त्रिंकोमाली’चे काम सुरू झाले. आरंभी जमशेटजींनी पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. जहाजास व त्यावरील माणसांस क्षेम लाभावे, ही त्यामागील भावना. पायाभरणीच्या वेळी पायात चांदी-सोन्याचा कण ठेवणाऱ्या माणसास ही भावना परकी वाटणार नाही. दिनांक १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात सोडण्यात आले.

ही तारीख महाराष्ट्राच्या इतिहासाच्या शेजारी ठेवून पाहावी. त्यानंतर अवघ्या चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली व पेशवाईचा शेवट सुरू झाला. एकीकडे मराठ्यांचे राज्य मावळत होते आणि दुसरीकडे याच किनाऱ्यावरील कसब इंग्रजांच्या आरमाराची भर करीत होते. इतिहास गोड गोष्टी तेवढ्याच सांगत नाही.

एका फुटास पाव इंच

अशा जहाजाची प्रतिकृती करणे हे खेळण्यातील होडी करण्यासारखे काम नाही. खेळण्यातील होडीस पाहणाऱ्याची कल्पना पुरते. प्रतिकृतीस पुरावा लागतो. इंग्लंडात सतराव्या शतकापासून आरमारी जहाजांच्या लाकडी प्रतिकृती करण्याची रीत आहे. पुष्कळदा त्यांच्या तळाकडील फळ्या मुद्दाम लावीत नसत, म्हणजे आतील फासळ्यांची रचना पाहणाऱ्यास दिसे. त्यांचा मोठा संग्रह लंडनजवळील ग्रीनिच येथील संग्रहालयात आहे आणि जुन्या आरमारी जहाजांचे नकाशेही तेथे जतन केलेले आहेत.

सर्वसाधारणपणे प्रत्यक्षातील एका फुटास प्रतिकृतीत पाव इंच हे प्रमाण धरतात. म्हणजे प्रतिकृती मूळ जहाजाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची होते. ‘त्रिंकोमाली’च्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट व जहाजाची रुंदी सुमारे ४० फूट. या हिशेबाने प्रतिकृतीचे अंग साडेसदतीस इंच लांब व दहा इंच रुंद होते. पुढे काढलेली तिरपी काठी व शिडांचा पसारा निराळा. आठ फुटी तोफ दोन इंचांची होते. साडेपाच फूट उंचीचा खलाशी सव्वा इंचाहून थोडा उंच भरतो. अशी सुमारे तीनशे माणसे त्या जहाजावर राहत, जेवत, निजत. साडेसदतीस इंचांत तीनशे माणसे मनात उभी करून पाहिली म्हणजे त्या काळच्या खलाशाच्या हालअपेष्टा न सांगता कळतात.

या प्रमाणाचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवावा लागतो. प्रतिकृतीत एक सूत चूक झाली तर मूळ जहाजाच्या मापाने ती अर्ध्या फुटाची चूक ठरते. म्हणून काम करणारा घाई करीत नाही.

जहाजाचा नकाशा तीन बाजूंनी काढलेला असतो. एका आकृतीत जहाज बाजूने दिसते, दुसरीत वरून आणि तिसरीत समोरून व मागून. तिन्ही आकृत्यांतील माप एकमेकांशी जुळले पाहिजे. बाजूच्या आकृतीत जी उंची आहे तीच समोरच्या आकृतीत मिळाली नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. शेताच्या मोजणीत चारही हद्दी जुळल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

कणा व फासळ्या

पहिले काम कण्याचे. कोकणातील गलबते बांधणारे यास ‘पठाण’ म्हणतात. पठाण अगदी सरळ पाहिजे. त्यात केसाएवढा बाक राहिला तर सर्व जहाज एका अंगास कलते आणि मागाहून कितीही रंधले तरी दोष जात नाही. पठाणाच्या पुढच्या टोकास नाळ उभी राहते, मागच्या टोकास सुकाणूचा खांब.

त्यानंतर फासळ्या. प्रत्येक फासळीचा आकार वेगळा असतो. मध्यभागी ती पसरट व पोटाळ, दोन्ही टोकांकडे निमुळती व उभी. नकाशावरून प्रत्येकीचा कागदी फर्मा कापावयाचा, तो लाकडावर चिकटवावयाचा, बारीक करवतीने कापून कानसेने साफ करावयाचा आणि ओळंब्यात व काटकोनात पठाणावर बसवावयाचा. सर्व फासळ्या उभ्या राहिल्या म्हणजे एक लवचिक पट्टी नाळेपासून पाठीपर्यंत त्यांच्यावर टेकवून पाहतात. पट्टी सर्व फासळ्यांस सारखी चिकटून गेली तर काम बरोबर. कोठे उचलली अथवा कोठे दबली तर ती फासळी चुकली. सांधा झाकता येतो. पण एकूण आकाराची चूक ही पट्टी लपू देत नाही.

लाकडाचीही निवड असते. मूळ जहाज सागवानी असले तरी प्रतिकृतीस सागवान फारसे योग्य नाही. सागाचे रेघारेघांचे अंग मोठ्या तुळईत शोभते. दोन सूत रुंदीच्या पट्टीत तीच रेघ दोरखंडाएवढी जाड भासते. म्हणून दाट व बारीक अंगाचे लाकूड घेतात. इंग्लंडात ते नासपतीच्या झाडाचे घेतात. इकडील मंडळींस हेदू किंवा शिवण चालण्यासारखे आहे. लाकूड मात्र चांगले वाळलेले हवे. ओल्या लाकडाची घाई पावसाळा उलटल्यावर उघडी पडते, हे कोणत्याही गावच्या दरवाजाकडे पाहून कळेल.

फळ्या व तांब्याचा पत्रा

फासळ्यांवर फळ्या चढविणे हा सर्वांत चिकाटीचा भाग. एक फूट रुंदीची फळी प्रतिकृतीत पाव इंच, म्हणजे दोन सूत होते. जहाजाचे पोट मध्ये मोठे व टोकांस लहान असल्यामुळे सर्व फळ्या सारख्या रुंदीच्या लावून चालत नाही. प्रत्येक फळी दोन्ही टोकांकडे हिशेबाने निमुळती करावी लागते. नाळेजवळ बाक तीव्र असतो, तेथे पट्टी गरम पाण्यात भिजवून हळूहळू वाकवितात. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे, अशा क्रमाने काम चालते. एकाच अंगास भराभर फळ्या लावल्या तर तिकडच्या ताणाने पठाणच वाकतो.

सुरतेकडील जुन्या बांधणीत फळी फळीशेजारी नुसती न टेकविता कडेला खाच पाडून एकीत दुसरी बसवीत. त्यामुळे सांधा घट्ट होई व पाणी शिरण्यास वाव कमी राही. अशा कामास लोखंडी खिळ्यापेक्षा हाताचा अंदाज अधिक लागतो. प्रतिकृती करणारा जेव्हा चार इंची जाडीच्या फळीच्या जागी अवघ्या एका इंचाच्या बाराव्या भागाची पट्टी बसवू लागतो आणि तीही बसत नाही म्हणून कपाळास हात लावतो, तेव्हा त्यास त्या जुन्या कारागिरांची थोरवी खऱ्या अर्थाने समजते. त्यांच्याजवळ वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट आणि भरपूर माणसे, एवढेच साहित्य होते.

मुंबईच्या गोदीतील मुख्य बांधणीकारांची नावे इतिहासात आहेत. परंतु त्यांच्या हाताखाली तुळया ओढणारे, फळ्या तासणारे, खिळे घडविणारे, फटीत कापूस व राळ भरणारे जे शेकडो लोक होते, त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. त्यांची एकच सही शिल्लक आहे, ती म्हणजे त्यांनी बसविलेला सांधा.

पाण्याखालील भागास तांब्याचे पत्रे ठोकीत. लाकूड पोखरणारे समुद्री किडे व शंखशिंपल्यांची पुटे यांपासून बचाव व्हावा, हा हेतू. इंग्रजी आरमारात पत्रा चार फूट लांब व चौदा इंच रुंद असे. प्रतिकृतीत त्याचा तुकडा बरोबर एक इंच लांब होतो. असे तुकडे शेकड्यांनी कापून एकावर एक किंचित चढवून लावावयाचे. ते लावण्याची दिशाही ठरलेली असते. पुढून येणारे पाणी पत्र्याच्या कडेखाली शिरता कामा नये. कौले शाकारताना पावसाचे पाणी ज्या विचाराने वाहवितात, तोच विचार येथे आडवा केलेला आहे.

डोलकाठ्या, दोर व नाळेवरील पुतळा

जहाजाचे अंग पुरे झाले म्हणजे निम्मे काम झाले असे समजावे. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर आडव्या काठ्या, त्यांवर शिडे आणि या सर्वांस धरून ठेवणारा दोरांचा मोठा पसारा. नवख्या माणसास तो कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो, पण त्यात एकही दोर निष्कारण नसतो. काही दोर डोलकाठीस जागच्या जागी ताणून धरतात. ते डांबर लावून काळे केलेले असतात. काही दोर शिडे व काठ्या वर-खाली व आजूबाजूस फिरवितात. ते दोराच्या मूळ रंगाचे ठेवतात. प्रतिकृतीतही हा रंगभेद पाळावा लागतो. एक इंच जाडीचा दोर प्रतिकृतीत अर्ध्या मिलिमीटरचा होतो, म्हणजे शिवणकामाच्या जाड दोऱ्याएवढा. त्याच्या बारीक गाठी चिमट्याने माराव्या लागतात.

‘त्रिंकोमाली’च्या नाळेवर डोईस पागोटे बांधलेल्या हिंदी पुरुषाचा लाकडी अर्धपुतळा आहे. पाहणाऱ्याची नजर प्रथम तिकडेच जाते. जहाज इंग्रजांचे, पण ते कोठून आले याची खूण त्याच्या कपाळावरच आहे.

असे काम रोज थोडे थोडे करणाऱ्या माणसाचे एक-दोन वर्षे सहज घेते. घरातील मंडळी प्रथम हसतात, मग रागावतात आणि शेवटी आलेल्या-गेलेल्यास कौतुकाने दाखवितात, असा या कामाचा बहुतेक ठिकाणचा अनुभव असावा.

कोणत्या सालचे जहाज?

प्रतिकृती करणाऱ्यास आरंभीच एक प्रश्न सोडवावा लागतो. जहाज करावयाचे, पण कोणत्या सालचे? ‘त्रिंकोमाली’ १८१९ मध्ये इंग्लंडास पोहोचले तेव्हा लढाया संपल्या होत्या, म्हणून ते बरीच वर्षे नुसते नांगरून ठेवण्यात आले. १८४५ साली त्याची पाठीमागची चौकोनी बाजू गोलसर करण्यात आली व तोफांची संख्याही कमी झाली. पुढे ते अमेरिकेच्या किनाऱ्याकडे व प्रशांत महासागरात हिंडले. त्यानंतर खलाशांस शिक्षण देण्याच्या कामी ते लावण्यात आले. १८९७ मध्ये तर ते मोडीत विकण्यात आले होते. एका सद्‌गृहस्थाने ते विकत घेऊन ‘फूद्रुआयां’ असे नवे नाव दिले व मुलांस दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी वापरात आणले. हे काम १९८६ पर्यंत चालले.

म्हणजे १८१७ चे जहाज, १८४५ नंतरचे जहाज व विसाव्या शतकातील शाळेचे जहाज ही तिन्ही एकच, आणि तिन्ही दिसावयास निरनिराळी. एका सालचा तळ व दुसऱ्या सालची पाठ जोडून प्रतिकृती केली तर ती कधीच अस्तित्वात नसलेल्या जहाजाची प्रतिकृती होईल. जुन्या वास्तूंच्या कामातही हाच प्रश्न येतो. एखाद्या देवळाचा गाभारा एका काळचा असतो, सभामंडप शंभर वर्षांनंतरचा, कौले त्याहून अलीकडची आणि रंग मागच्या उत्सवाचा. यातील जुने कोणते, मागाहूनचे कोणते, हे ठरविल्यावाचून हात घातला तर नवे व जुने दोन्हीही बिघडते.

‘त्रिंकोमाली’ १९८७ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे नेण्यात आले. १९९० पासून दुरुस्तीचे काम सुरू झाले, १९९२ मध्ये त्यास मूळ नाव परत मिळाले आणि २००१ पर्यंत काम पूर्ण झाले. कुजलेले तेवढे काढावयाचे, धड आहे ते ठेवावयाचे, हे धोरण ठेवल्यामुळे मुंबईस लावलेल्या सागवानाचा मोठा भाग आजही त्या जहाजात आहे. इंग्लंडातील तरंगत्या लढाऊ जहाजांपैकी सर्वांत जुने म्हणून लोक ते पाहावयास जातात. विशेष असे की, ज्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने नकाशासह ‘जावा’ला गाठले होते तेही अमेरिकेत बोस्टनच्या बंदरात अद्याप जपून ठेवलेले आहे.

ज्यांचे माप राहिले नाही

आता याच किनाऱ्यावरील दुसरी बाजू पाहणे अवश्य आहे. शिवछत्रपतींनी सतराव्या शतकात आरमार उभारले. कान्होजी आंग्र्यांनी ते वाढविले. त्यांच्या हयातीत, म्हणजे १७२९ पर्यंत, परकीयांस या किनाऱ्यावर सुखाने झोप नव्हती. या आरमाराची मुख्य जहाजे म्हणजे गुराब व गलबत. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. गुराबीस दोन, क्वचित तीन डोलकाठ्या. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांपर्यंतची. तळ उथळ, पुढील टोक लांब बाहेर काढलेले आणि त्यावरून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, बहुधा सत्तर टनांच्या आतले. चाळीस-पन्नास वल्ह्यांनी ते वारा पडला असताही चाले.

विजयदुर्गच्या खाडीत जहाजांसाठी खडकात केलेली जुनी गोदी आजही दिसते. तिची लांबी सुमारे ३५५ फूट व रुंदी सुमारे २२७ फूट आहे. गोदी राहिली, जहाजे राहिली नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातील एका जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि एकमेकांस बांधून ठेवलेले सर्व आरमार जळून गेले. त्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, ही आठवण कडू असली तरी खरी आहे.

लाकूड जळाले, हे दुःख मोठेच. पण त्याहून मोठे दुःख दुसरेच आहे. ‘जावा’ जळाले तेव्हा नकाशे गेले, परंतु मूळ प्रत दप्तरी होती म्हणून ‘त्रिंकोमाली’ जन्मास आले. विजयदुर्गास मात्र जहाजे व त्यांची मापे एकदमच गेली. इकडच्या मेस्त्रीस कागद लागत नसे. फर्मे व दोरी यांच्या आधारे, नजरेच्या अंदाजाने तो जहाज उभे करी. बापाचे माप मुलाच्या हातात उतरे. ही विद्या थोर होती यात शंका नाही. पण हात थांबला की विद्याही थांबे. म्हणून आज एखाद्याने गुराबीची प्रतिकृती करावयाची म्हटली तर त्यास शत्रूने लिहिलेले वर्णन व परकीयांनी रंगविलेली चित्रे यांवर भिस्त ठेवावी लागते. फासळ्या किती होत्या, पठाण किती जाड होता, नाळेचा बाक कसा होता, याबाबत त्यास तर्कच करावा लागतो. इंग्रज जहाजाचे माप सुतासुताने मिळते आणि कान्होजींच्या गुराबीचे मिळत नाही, ही खंत कोणाही मराठी माणसास वाटल्यावाचून राहणार नाही.

माप घेण्याचे महत्त्व ओळखणारा एक फ्रेंच आरमारी अधिकारी एडमंड पारी याने एकोणिसाव्या शतकात जगभर हिंडून निरनिराळ्या देशांतील देशी नावांची मापे घेतली व नकाशे काढले. या किनाऱ्यावरील फत्तेमारीही त्यांत आहे. पुढे पॅरिसच्या आरमारी संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याने आपल्या नकाशांवरून प्रतिकृती करवून घेतल्या. फत्तेमारी बांधणाऱ्यांनी कागद ठेवला नाही, परक्याने ठेवला. त्यात त्याचे थोरपण आहेच. पण आपल्या घरची वस्तू परक्याच्या दप्तरात शोधावी लागावी, यात भूषण नाही.

तात्पर्य

‘त्रिंकोमाली’च्या हकीकतीवरून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. वस्तू दोन प्रकारे जपली जाते. एक तिच्या अंगाने व दुसरी तिच्या मापाने. अंग आज ना उद्या झिजते, कुजते, जळते. माप राहिले तर नवीन हात जुने काम पुन्हा उभे करू शकतात. लाकडी प्रतिकृती ही शोभेची वस्तू दिसली तरी वास्तविक ती हाताने पारखलेली मापांची नोंदवही आहे.

गावोगाव जुनी देवळे, वाडे, रथ, पालख्या, दीपमाळा दुरुस्त होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मुंबईकर मंडळी कष्टाच्या कमाईतून देणग्या देतात, गावकरी श्रमदान करतात. अशा वेळी जुना खांब खाली उतरविण्यापूर्वी त्याची उंची, घेर व नक्षी यांचे माप कागदावर घ्यावे, छायाचित्र काढावे, कोणत्या साली काय बदलले ते लिहावे आणि काम करणाऱ्या सुतार, गवंडी, लोहार यांची नावे देणगीदारांच्या नावांशेजारी नोंदवावीत. त्याची एक प्रत देवस्थानच्या दप्तरी व दुसरी अन्य ठिकाणी ठेवावी. यास खर्च फारसा येत नाही. गावात एखादा हौशी सुतार असेल तर त्याजकडून जुन्या वास्तूची लहानशी लाकडी प्रतिकृती करवून घ्यावी. शाळेतील मुलांनी ती पाहिली म्हणजे आजोबांच्या वेळचे देऊळ कसे होते, हे त्यांस सांगावे लागणार नाही.

मुंबईच्या गोदीतील ज्या सुताराने ‘त्रिंकोमाली’ची एखादी फळी बसविली, त्याला आपली फळी दोनशे वर्षांनंतर कोठे असेल याची कल्पना नव्हती. त्याने ती नीट बसविली, एवढेच. आज हार्टलपूलच्या बंदरात भरती येते तेव्हा ती फळी पाण्याचा भार झेलते. नीट घेतलेले माप आणि नीट बसविलेला सांधा यांचे आयुष्य करणाऱ्याच्या आयुष्याहून मोठे असते. जीर्णोद्धाराच्या कामी हात लावणाऱ्या प्रत्येकाने हे मनात धरावे, म्हणजे पुढील पिढ्या त्याचे उतराई होतील.